गाडी मागणी पोच

माझी मराठी शुद्ध आहे, याचा मला माज होता. मी मूळचा परभणीकडचा. शाळेतल्या मास्तरांनी 'न' आणि 'ण' इतके घोटून घेतले होते की पुण्याकडे आल्यावर माझ्या बोलण्याला कुणी हसलं नाही. उलट मीच हसायचो. आमच्या ऑफिसात सगळे इंग्रजी, हिंदी आणि मराठीची खिचडी बोलतात. ग्राहकाला मराठीत चार ओळी लिहून पाठवायच्या असल्या की ही मंडळी माझ्या टेबलाशी उभी. 'सर, जरा बघता का?' मी बघायचो, ऱ्हस्व-दीर्घ नीट करायचो आणि वर दोन शब्द ऐकवायचो. त्याच माजात मी एक शब्द निवडला. हे सगळं त्या एका शब्दाबद्दल आहे.

मी पुण्याच्या कडेला सूसला राहतो, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून अजून एक हिरवी टेकडी दिसते, तिच्यावरही आता इमारत उभी राहणार असं ऐकतो. कंपनी छोटी, काम सर्व्हरच्या पोटातलं. म्हणजे पडद्यावर बटण दिसतं ते दुसरे करतात. बटण दाबल्यावर मागे जे धावपळ करतं ते माझं. वीस वर्षं तेच केलं.

मुळशी तालुक्यात काम करणाऱ्या एका सेवाभावी संस्थेचं काम आमच्याकडे आलं. संस्थेच्या चार गाड्या होत्या. घाटातल्या गावांमधून पेशंट उचलायचे, डायलिसिसला न्यायचे, संध्याकाळी परत सोडायचे. तोवर हा सगळा कारभार पौडच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या टेबलावर चालायचा. फोन आला की त्या वहीत लिहायच्या, खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारायच्या आणि फोनवर सांगायच्या, 'निघाली गाडी, मावशी.' आणि गाडी खरंच निघालेली असायची. आम्ही म्हणालो, हे फार जुनाट आहे.

रचना मी केली. पेशंटच्या घरच्यांनी ठरलेल्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. आमच्या वेब ॲप्लिकेशनचा एक भाग तो कॉल ओळखणार आणि मागणी तयार करणार. पण ती थेट ड्रायव्हरकडे पाठवणार नाही, कारण घाटात रेंज असते तेव्हा असते, आणि नसली की सगळं अडकून बसतं. म्हणून मागणी एका रांगेत टाकायची आणि त्या भागाने मोकळं व्हायचं. रांगेच्या पलीकडे दुसरा भाग बसलेला. तो एकेक मागणी उचलणार, कुठली गाडी मोकळी आहे ते पाहणार आणि ड्रायव्हरला कळवणार. आमच्या धंद्यात याला मेसेज क्यू म्हणतात. सर्व्हरवर रांगेचं नाव नोंदवायचं, दोन्ही भागांना ते नाव द्यायचं, दोघांनी त्या नावावरून तिला शोधून जोडून घ्यायचं. हे मी इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप चालायचे. डोकं चालवायची गरज वाटत नव्हती.

या जोडणीत एकच जागा नाजूक असते. उचलणाऱ्या भागाला रांगेला सांगावं लागतं की तुझा निरोप मिळाला. हे सांगितलं की रांग तो निरोप पुसून टाकते. टीमला समजावताना मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पोच'. सगळ्यांना शब्द आवडला. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला अजून त्या टाळ्या आठवतात आणि शरम वाटते.

टाळ्या न वाजवणारी एक होती. माझ्या हाताखाली काम करायची, पण कामात माझ्यापेक्षा सरस, हे तेव्हाही मला कळत होतं. पौडच्या बाजारपेठेत तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान आहे, चार पिढ्यांचं. ती म्हणाली, "सर, पोच कधी द्यायची? उचलल्यावर की काम झाल्यावर?"

"काम झाल्यावरच," मी म्हणालो, आणि तेव्हा ते खरं होतं.

मग डेमोचा दिवस आला. संस्थेची मंडळी येऊन बसलेली. एका ड्रायव्हरचा मोबाइल नंबर चुकून नऊ आकडी नोंदवला गेला होता. त्याच्या वाट्याला गेलेली मागणी पुरी होईना. पुरी होईना म्हणून पोच जाईना. पोच नाही म्हणून रांग तीच मागणी पुन्हा पुढे करी. पडद्यावर लाल ओळींचा नुसता पूर आला. आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोडमधला एक शब्द बदलला. आता निरोप हातात पडताक्षणी पोच जाणार होती, काम होवो न होवो. लाल ओळी थांबल्या, मंडळी खूश झाली, चहा आला.

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली. "सर, ते परत बदलायचं ना? बिघडलेल्या मागण्यांसाठी आपण वेगळी रांग करू. दोन दिवसांचं काम आहे."

"करू नंतर. तात्पुरतं राहू दे."

"आमच्या दुकानातून घरपोच माल जातो ना सर, तेव्हा पोचपावतीवर सही माल घरात ठेवल्यावर घेतात. टेंपोत चढवताना नाही घेत."

मी हसलो. म्हणालो, "हे कापडाचं दुकान नाही." यात काय मोठा विनोद होता कुणास ठाऊक, पण मी स्वतःवर खूश होतो.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. मिस्ड कॉल दिल्यावर घरच्यांना दोन मेसेज जायचे होते. पहिला लगेच, मागणी रांगेत पडली की. दुसरा गाडी ठरल्यावर, ड्रायव्हरच्या नंबरासह. देवनागरी मेसेजला सत्तर अक्षरांची मर्यादा असते. मी आधी लिहिलं, 'आपल्या गाडीच्या मागणीची पोच देण्यात येत आहे. गाडी ठरल्यावर आपणांस कळवण्यात येईल.' मावेना. कापत कापत शेवटी उरलं, 'गाडी मागणी पोच. धन्यवाद.' सुटसुटीत आणि शुद्ध. मजकूर मोबाइल कंपनीकडे मंजुरीला गेला, मंजूर झाला, आणि मग तिने तो पाहिला.

"सर, आमच्याकडे घाटात हे वाचून काय समजतील माहितीये? गाडी पोचते. पोच म्हणजे पोचलं."

"पोच म्हणजे पावती. शब्दकोश बघ."

"शब्दकोश कोण बघणारे सर तिथे?"

मी म्हणालो, आता मंजूर झालाय, बदलायचा तर पुन्हा पंधरा दिवस जातील. आणि खरं सांगायचं तर मला पौडच्या मुलीकडून मराठी शिकायची नव्हती. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

ताम्हिणीत रस्त्याच्या कडेला एक धाबा आहे. पत्र्याची शेड, चार बाकडी, मागे घर. चालवणारे नवरा-बायको. नवऱ्याच्या किडन्या गेलेल्या, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. बायको सातवीपर्यंत शिकलेली. त्या घरात वाचता येणारी ती एकटी, म्हणून औषधाच्या पट्टीपासून वीजबिलापर्यंत सगळं तिच्यापुढे यायचं. हे मला पुढे कळलं. तेव्हा माझ्यासाठी ते घर म्हणजे यादीतला एक नंबर होता.

नवीन व्यवस्था सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. या दोन आठवड्यांत त्या बाईला चार वेळा पहिला मेसेज मिळाला आणि चारही वेळा गाडी आली. दुसरा मेसेज रेंजअभावी एकदाही वेळेवर पोचला नाही. म्हणजे तिच्या अनुभवाने तिला शिकवलं ते असं, की 'पोच' आलं की गाडी येते. तिने चुकीचं काही वाचलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी तिने पावणेसातला मिस्ड कॉल दिला. त्याच वेळी मी सूसच्या घरी, मांडीवर लॅपटॉप घेऊन, एक बारीकशी दुरुस्ती सर्व्हरवर चढवत होतो. ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आत उरकून टाकू म्हणून. मागणी रांगेत पडली. पहिला मेसेज गेला. रांगेपलीकडच्या भागाने मागणी उचलली, रांगेला पोच दिली, रांगेने मागणी पुसली, आणि त्याच क्षणी मी तो भाग बंद करून पुन्हा सुरू केला. सुरू झाल्यावर त्याने रांगेकडे पाहिलं. रांग रिकामी होती. त्याच्या दृष्टीने ताम्हिणीत कुणालाच गाडी नको होती. मी लॅपटॉप मिटला आणि पोहे खाल्ले.

ती दोघं रस्त्याला येऊन बसली. पाऊस होता, तिकडे असतोच. आठची एसटी आली, तिने जाऊ दिली. दुधाचा टेंपोवाला थांबला, ओळखीचा, म्हणाला, चला पौडपर्यंत सोडतो. तिने त्याला मोबाइल दाखवला. गाडी पोचतीया आमची, म्हणाली. नवऱ्याला टेंपोत हाडं खिळखिळी करत न्यायची तिची इच्छा नव्हती. दहा वाजले, अकरा वाजले. तिने संस्थेच्या ऑफिसला फोन लावला. तो कुणी उचलला नाही, कारण फोन उचलणाऱ्या बाईंना आमच्या सॉफ्टवेअरमुळे दुसऱ्या कामाला लावलं होतं. दुपारी एक जीप मिळाली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्याच्या छातीत पाणी भरलं होतं. नवव्या दिवशी तो गेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं, एका दिवसामुळेच असं म्हणता येणार नाही. हे वाक्य मी किती दिवस उराशी धरून बसलो होतो, ते माझं मला माहीत.

संस्थेने आम्हाला लेखी अहवाल मागितला. साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. म्हणाले, "तू छान लिहितोस. जरा सांभाळून लिही." मी सांभाळून लिहिलं. 'संबंधित मागणी प्रणालीत यशस्वीरीत्या स्वीकारली गेली. लाभार्थी कुटुंबाने पोचसंदेशाचा अर्थ गाडीची निश्चिती असा लावला. मूळ कारण : वापरकर्त्याचा गैरसमज.' एकही वाक्य उघड खोटं नव्हतं. रीस्टार्टचा उल्लेख मी तेराव्या मुद्द्यात केला आणि त्याला 'नियोजित देखभाल' म्हटलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

पौडच्या त्या मुलीने अहवालावर सही करायला नकार दिला. साहेबांनी समजावलं, मीही समजावलं. मी तर तिला म्हणालो, की असं केल्याने तुझंच नुकसान होईल. तिने महिन्याभराने राजीनामा दिला. जाताना माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, निरोप घ्यायला आली.

"सर, ताम्हिणीची ती बाई आमच्या दुकानात येणाऱ्या लोकांच्या ओळखीची आहे. संस्थेच्या माणसाने घरी जाऊन सांगितलं, मेसेज तुम्ही चुकीचा वाचला. आता घरचे तिला म्हणतात, हिच्या शिक्षणाने माणूस घालवला. ती धाब्यावर येणाऱ्या प्रत्येकाला मोबाइल दाखवते. वाचून दाखवा म्हणते. तुम्ही एकदा जाऊन वाचून दाखवा."

मी टेबलावरच्या वस्तू इकडच्या तिकडे केल्या.

"पोच शब्दाचा अजून एक अर्थ आहे सर," ती म्हणाली. "आमच्या अम्मी म्हणतात, अमक्याला पोच नाही. तोही शब्दकोशात असेल." आणि गेली.

तो एक शब्द दुसऱ्याच दिवशी मी कोडमध्ये परत बदलला. बिघडलेल्या मागण्यांसाठी वेगळी रांग केली. खरंच दोन दिवस लागले. त्याबद्दल साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि मी 'थँक यू' म्हणालो.

ताम्हिणीला जायला मात्र मला चार महिने लागले. दर शनिवारी काहीतरी निघायचं. गाडीचं सर्व्हिसिंग, सोसायटीची मीटिंग, पाठदुखी. शेवटी एका शनिवारी घरात सबब उरली नाही म्हणून निघालो. पौडमधून जाताना कापडाच्या दुकानाकडे मान वळवली नाही.

धाबा सापडायला अवघड नव्हता. दुपारची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. चाळिशीची बाई, कपाळ मोकळं. मी चहा सांगितला. तिने चहा आणून ठेवला, माझ्याकडे जरा पाहिलं आणि पदराला मोबाइल पुसत पुढे केला.

"सायेब, शिकलेलं दिसताय. ह्ये जरा वाचा की. काय लिवलंय?"

मी वाचलं. पडद्याला तडा गेला होता. तारीख, वेळ सहा शेहेचाळीस, आणि माझी ओळ.

"गाडी मागणी पोच. धन्यवाद."

"म्हंजी गाडी येती, आसंच हाय न्हवं त्यात? का माजंच चुकतंय? खरं सांगा. कुणी म्हणतं व्हय, कुणी म्हणतं न्हाई. कालचा एक मास्तर म्हणला, ही निस्ती पावती हाय."

चहावर साय धरली होती. मी म्हणालो, "नाही, तुमचं बरोबर आहे. गाडी येते, असंच कुणीही वाचेल."

ती बाकड्यावर बसली, समोरच. मग आत गेली आणि वहीचा कागद, पेन घेऊन आली. "ह्ये आसं लिवून द्या. खाली सही करा. माज्या दिराला दाखवायचंय. घरात समदी म्हणत्यात, म्या वाचलं म्हणून मालक ग्येलं."

मी लिहिलं, 'या संदेशाचा अर्थ गाडी येत आहे असाच होतो. वाचणाऱ्याची चूक नाही.' खाली सही केली, नाव लिहिलं. तिने कागद घेतला, एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचला. तिचे डोळे भरले.

"लई उपकार झालं सायेब. पाच म्हयनं ह्येच इचारतीया मी. तुमी पयलं माणूस, लिवून दिलंत. थांबा, तसं जाऊ नका. पिठलं टाकते, भाकरी खाऊन जा."

ती आत गेली. स्टोव्हचा आवाज आला, फोडणीचा वास आला. मला तेव्हाच उठून निघून जाता आलं असतं. काम झालं होतं. तिला हवा होता तो कागद मिळाला होता, माझा मान राहिला होता आणि वर जेवण मिळणार होतं. मी अहवाल लिहिला होता तोही असाच, प्रत्येक वाक्य खरं आणि सगळं मिळून खोटं. मला स्वतःची किळस आली.

मी हाक मारून कागद परत मागितला. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली, हात पुसले, कागद दिला. मी सहीच्या खाली उरलेल्या जागेत लिहिलं, 'हा संदेश मीच लिहिला होता. त्या दिवशी तुमची मागणी माझ्यामुळे पुसली गेली, म्हणून गाडी आली नाही. तुम्ही चुकीचं वाचलं, असं संस्थेला मीच लिहून दिलं.' पुन्हा सही केली. अक्षर घाणेरडं आलं. बोलून सांगायची मात्र हिंमत झाली नाही. कागद तिच्यापुढे सरकवला.

ती उभ्यानेच वाचायला लागली. बोट पहिल्या शब्दापासून सरकत निघालं. नव्या ओळींशी आल्यावर सावकाश झालं. शेवटच्या शब्दापर्यंत गेलं, थांबलं आणि पुन्हा वर, नव्या ओळींच्या सुरुवातीला आलं. दुसऱ्यांदाही तिने सगळं वाचलं. आत पिठलं खाली लागल्याचा वास यायला लागला होता. ती आत गेली, स्टोव्ह बंद करून परत आली. कागदाची चौघडी घालून तिने ती मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवली.

"पोचलं," ती म्हणाली. "आता निघा."